मास्टर बंद, तरीही बॅटरी उतरते: होमबिल्ट विमानातला गळका करंट कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा. विमान झेनिथ सीएच ७५०, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, बॅटरी ओडिसी पीसी६८०. बांधलं दुसऱ्याने, तुम्ही दुसरे मालक. विमान इलिनॉयमध्ये एका हँगरमध्ये उभं असतं आणि तिथे विजेचा पॉइंट नाही. दर आठवड्याला उडवलं तर सेल्फ झकास लागतो. दोन आठवडे गेले की कुंथतो, तिसऱ्या आठवड्यात प्रॉपेलर दोन पाती फिरून थांबतो. मास्टर (सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद असतो याची तुम्हाला शंभर टक्के खात्री आहे. आधी नवी बॅटरी घातलीत, मग कुणीतरी सांगितलं म्हणून रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा डबा) बदललात, आणि आता परत तेच. शिवाय अशी दुरुस्ती स्वतः केली तर कागदपत्रांचं काय, हेही विचारलंत.

चोर सोडून संन्याशाला सुळी गेलाय, तोही दोनदा. वाईट वाटून घेऊ नका, ओहायोत डेटनच्या आसपासच्या हँगरांमध्ये गेली वीसेक वर्षं मी विमानांची वायरिंग करतोय आणि नव्वद टक्के लोक हेच करून मग फोन करतात. बॅटरी उतरली की बॅटरीवर संशय येतो, ते साहजिकच आहे. पण या दुखण्यात आधी मोजायचं, मग पाना उचलायचा. आणि मोजायलाही मीटरच्या आधी कागद-पेन्सिल पुरते.

तुम्ही आकडे दिलेत ते फार बरं केलंत. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर १२.८ व्होल्ट, आणि चौदा दिवसांनी १२.२. लेड-ॲसिड बॅटरीत १२.२ म्हणजे साधारण निम्मा चार्ज. तुमची बॅटरी धरून चालू १६ अँपिअर-तासांची, म्हणजे ८ अँपिअर-तास गेले. आठ भागिले १४ दिवस, भागिले २४ तास, आले सुमारे २४ मिलिअँपिअर. तुमचा चोर एवढाच आहे, एका साध्या एलईडीएवढा. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण पुढे जे सापडेल त्याची बेरीज याच्या आसपास यायला हवी. तीन मिलिअँपिअरचं घड्याळ सापडलं म्हणून ‘मिळालं, मिळालं’ करून काउलिंग (इंजिनावरचं झाकण) लावून टाकायचं नाही.

याच हिशेबाने बरेच संशयित आधीच गळतात. मास्टर चालू राहिला असता तर कॉन्टॅक्टरची (मास्टरच्या इशाऱ्यावर बॅटरी जोडणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल एकटीच पाऊण ते एक अँपिअर पिते, म्हणजे बॅटरी दुसऱ्या दिवशीच झोपली असती. रेडिओ, पोझिशन लाइट किंवा इसेन्शियल बसचा (बस म्हणजे उपकरणांना वीज वाटणारी पट्टी, ही अत्यावश्यक उपकरणांची) पर्यायी स्विच चालू राहिला तर गोष्ट तासांची असते. आठवडे लागतायत याचा अर्थ काहीतरी बारीक, सतत आणि मास्टरच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीच्या बाजूला, बसलेलं आहे.

आता तुम्हाला पडलेलं दुसरं कोडं: १२.२ व्होल्ट आहेत, पॅनल उजळतं, प्रॉपेलर फिरतो, मग इंजिन धरत का नाही? ९१२ च्या इग्निशनला बॅटरी लागत नाही, स्टेटरमधल्या (इंजिनावरच्या जनरेटरमधल्या) वेगळ्या कॉइलवर ती चालते. पण ठिणगी पडायला इंजिन मिनिटाला किमान २२० फेरे तरी फिरावं लागतं. अर्धी उतरलेली आणि वर थंडीने गारठलेली बॅटरी तेवढा वेग देत नाही. मग लोक चोक ओढतात, कार्ब्युरेटर उघडतात, प्लग काढून पुसतात. शिवाय कमी वेगावर इंजिन उलटा झटका मारतं तेव्हा स्टार्टरच्या क्लचचा जीव जातो, आणि तो सुटा भाग बॅटरीच्या कितीतरी पट महाग आहे. त्यामुळे कुंथणाऱ्या सेल्फवर ‘अजून एकदा, अजून एकदा’ करू नका.

(जाता जाता: १९०३ मध्ये राइट बंधूंनी इंजिन चालू करायला बॅटरी वापरली होती, पण ती जमिनीवरच ठेवली आणि विमान मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीविना ठिणगी देणाऱ्या यंत्रावर, उडालं. आमच्या डेटनच्या पोरांना हा त्रास ठाऊकच नव्हता.)

पहिली पायरी इतकी साधी आहे की कुणीच करत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह केबल सोडवा, टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवा आणि चौदा दिवस हात लावू नका. केबल सोडल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा आणि चौदाव्या दिवशी एकदा व्होल्टेज लिहा. एजीएम बॅटरी (सीलबंद लेड-ॲसिड, तुमची ओडिसी त्याच जातीची) स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त सोडत नाही, म्हणजे आकडा जवळपास हलायलाच नको. हलला तर बॅटरीच खराब, मग ती नवी का असेना. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी मी पाहिलेली आहे. नाही हलला, तर बॅटरी निर्दोष आणि चोर वायरिंगमध्ये. दोन आठवडे थांबायचं म्हणजे कंटाळा येतो, कबूल. पण तुम्ही तीन महिने घालवलेच आहेत.

केबल सोडताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. तुमचं विमान पूर्ण धातूचं आहे, सीटमागची जागा अडचणीची आहे, आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी पडते तिने पान्याचं तोंड वितळतं. मी पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेपचे तीन-चार वेढे कायमचे मारून ठेवलेत.

दुसरी शक्यता लगेच उरकून टाकू. गळती नसून बॅटरी कधी पूर्ण भरतच नसेल. पीसी६८० ला चार्जिंगला १४ व्होल्टच्या वर पाहिजे. रोटॅक्सचा रेग्युलेटर कागदावर १४.२ च्या आसपास देतो, पण त्याच्या सेन्स वायरच्या (व्होल्टेज किती आहे ते रेग्युलेटरला कळवणाऱ्या वायरीच्या) वाटेत स्विच, फ्यूज, सैल लग (वायरीच्या टोकाची कडी) अशी रांग असली की प्रत्यक्ष बॅटरीवरचा आकडा वेगळा निघतो. इंजिन चार हजार आरपीएमवर, चाकांना अडण्या, कुणीतरी ब्रेक धरून बसलेलं, आणि मीटर थेट बॅटरीच्या टोकांवर. पॅनलवरच्या व्होल्टमीटरवर विसंबू नका, तो बसचं व्होल्टेज दाखवतो. १३.५ च्या खाली दिसलं तर तो वेगळा आजार. तुमच्या बाबतीत पूर्ण चार्ज केलेली बॅटरीही उतरते आहे, म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही.

आता खरं मोजमाप. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

सुरुवातीच्या काळात एका मित्राच्या विमानाची हीच तक्रार होती, इंजिनही हेच. मी मोठ्या ऐटीत मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावला, निगेटिव्ह केबल सोडवून मध्ये जोडला. मीटर म्हणाला ०.०. हलवून पाहिलं, ०.०. ‘गळती अजिबात नाही, बॅटरी बदल,’ असं सांगून मी घरी गेलो. त्याने बॅटरी बदलली आणि सोळा दिवसांनी फोन केला. झालं होतं असं की जोडल्याक्षणी मीटरच्या आतला बारीक फ्यूज उडाला होता. मीटरमधली वाट तुटली, करंट जायला रस्ताच नाही, मग शून्य नाही तर काय दाखवणार? फ्यूज का उडाला, ते पुढे येईल. तेव्हापासून शून्य दिसलं की मी मीटरवर संशय घेतो. एक किलोओहमचा रेझिस्टर खिशात असतो. बॅटरी, मीटर आणि तो रेझिस्टर अशी साखळी केली की १२.६ च्या आसपास मिलिअँपिअर दिसलेच पाहिजेत. दिसले, तर मीटर जिवंत.

दहा अँपिअरच्या भोकात वायर घालून मोजलं तर फ्यूज वाचतो, पण स्वस्त मीटरचा त्या रेंजवरचा सगळ्यात लहान टप्पाच १० मिलिअँपिअरचा असतो. तुमचे २४ तिथे ०.०२ दिसतील, त्यातले कुठले पाच कुठून आले हे कळणार नाही. क्लॅम्प मीटरचा तर विचारच नको. साधा डीसी क्लॅम्प नुसता फिरवून धरला तरी पृथ्वीच्या चुंबकत्वाने आकडा बदलतो.

मी करतो ते असं. एक ओहमचा, दहा वॉटचा रेझिस्टर घ्यायचा, पांढऱ्या सिरॅमिकचा विटेसारखा मिळतो तो. त्याच्या दोन्ही टोकांना जाड मगरक्लिपा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि सोडवलेली निगेटिव्ह केबल यांच्यामध्ये तो बसवायचा, आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याच्या दोन टोकांवर लावायचा. एक ओहम असल्याने एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर, गुणाकार-भागाकार काही नाही. २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर अगदी साधा मीटरही दशांशापर्यंत दाखवतो, आणि उडायला फ्यूज वाटेत नाही. रेझिस्टर लावलेला असताना मास्टर चालू करायचा नाही, सेल्फचं तर नावच काढू नका. पॅनलवर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ लिहा. तुमच्या हँगरमध्ये कुणीतरी उत्साही मित्र येतोच.

दोन पथ्यं. निगेटिव्ह टोकावर एकापेक्षा जास्त वायरी असतील (इंजिनाची वेगळी, पॅनलची वेगळी) तर सगळ्या एकत्र धरून रेझिस्टरच्या पलीकडे न्या, नाहीतर अर्धीच गळती दिसेल. आणि जोडल्याजोडल्या आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. केबल सुटल्यावर काही उपकरणं परत जागी होतात आणि मग हळूहळू झोपतात. वीस मिनिटं थांबा, चहा प्या, मग लिहा. आकडा कसा उतरतो यावर मात्र लक्ष ठेवा. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला तर ते इलेक्ट्रॉनिक उपकरण झोपतंय. लोण्यासारखा सलग, मंद घसरत राहिला तर मला कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) आठवतो.

आकडा किती आला तर चिंता? एक-दोन मिलिअँपिअर कुठल्याही विमानात असतातच, मेमरी, घड्याळ वगैरे. पाचपर्यंत, दर आठवड्याला उडणाऱ्याला कळणारही नाही. तुमच्याकडे वीसच्या वर येणार, हा माझा अंदाज.

मग फ्यूज एकेक करून काढायचे, फक्त बॅटरीला थेट जोडलेल्या पट्टीवरचे. मुख्य बसला हात लावायची गरज नाही, पण एक खात्री करून घ्या: मास्टर बंद असताना मुख्य बसवर व्होल्टेज शून्य आहे ना? तिथे दहा-अकरा व्होल्ट दिसले तर एक छोटा बल्ब बस आणि बॉडी यांच्यात लावा. बल्ब पेटला तर करंट खरोखर मागच्या दाराने येतोय, एखाद्या उपकरणाला दोन फीड दिलेत आणि मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नाही. नुसतं व्होल्टेज दिसतं आणि बल्ब लावताच शून्य होतं, तर तो भुताटकीचा आकडा, विसरा.

फ्यूज काढायचा नसेल तर ब्लेड फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजता येतात. पाच अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण पंधरा-वीस मिलिओहम असतो, म्हणजे २० मिलिअँपिअरला जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिव्होल्ट. कुठल्या वाटेने करंट जातोय एवढं त्यावरून कळतं, किती ते कळत नाही.

आता एका प्रत्यक्ष विमानाची गोष्ट, कारण तुमच्या वर्णनाशी ती फार जुळते. तेही ९१२ वालं, तेही दुसऱ्या मालकाकडे. बांधणाऱ्याने सगळी वायरिंग पांढऱ्या टेफझेल वायरीत केली होती. वायर उत्तम, पण रंग एकच, लेबलं निम्मी गळून पडलेली आणि ड्रॉइंग कुणाकडेच नाही. रेझिस्टर लावला, वीस मिनिटांनी २६.४.

फ्यूज काढायच्या आधी मी हँगरचं दार लावून दिवे बंद केले आणि दहा मिनिटं अंधारात नुसता बसून राहिलो. डोळे सरावले तशी सीटच्या मागे, सामान ठेवायच्या जागेत, एक निळसर झाक दिसायला लागली. रबराच्या टोपीखाली यूएसबीचं सॉकेट होतं, आत दिवा. दिवसा ते कुणालाच दिसलं नसतं. त्याचा फ्यूज काढला, २६.४ वरून १४.९. साडेअकरा मिलिअँपिअर एकटं ते सॉकेट पीत होतं, फोन न लावता. ही सॉकेटं गाडीसाठी बनवलेली असतात. गाडीची बॅटरी पन्नास-साठ अँपिअर-तासांची असते आणि गाडी रोज चालते, तिथे हे खपून जातं.

दुसरा फ्यूज घड्याळाचा, १२.६ वर आलो. तिसरा ईएफआयएसच्या (पॅनलवरच्या इलेक्ट्रॉनिक डिस्प्लेच्या) मेमरीचा, ०.१ चा फरक. चौथा काढला, काही नाही. पट्टी पूर्ण रिकामी आणि तरीही साडेबारा मिलिअँपिअर चालूच!

इथे लोक चक्रावतात. पण सगळे फ्यूज काढूनही करंट जातोय, तर तो अशा वायरीतून जातोय जी फ्यूजच्या पट्टीवर आलेलीच नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर आणि कॉन्टॅक्टरच्या बॅटरीकडच्या बोल्टवर किती लग आहेत ते बोटाने मोजा. त्या विमानात कॉन्टॅक्टरच्या बोल्टवर तीन होते. एक बॅटरीकडून, एक फ्यूजपट्टीला. तिसरी लाल वायर फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीकडे) जात होती, मध्ये एक लांब फ्यूजहोल्डर, आणि पलीकडे रेग्युलेटर आणि त्याच्या शेजारी शीतपेयाच्या छोट्या डब्याएवढा कपॅसिटर.

रोटॅक्सच्या नकाशात रेग्युलेटरच्या आउटपुटवर किमान २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सांगितलेला आहे, उडताना बॅटरी सुटली तर रेग्युलेटर सांभाळायला. तो मास्टरच्या पलीकडे, बसच्या बाजूला असायला हवा, म्हणजे मास्टर बंद केला की तो रिकामा होऊन शांत पडतो. या बांधणाऱ्याने रेग्युलेटर आणि कपॅसिटर दोन्ही थेट बॅटरीला बांधले होते. कारणही मला कळलं: मास्टर चालू करताना रिकामा कपॅसिटर एकदम भरतो आणि कॉन्टॅक्टर ‘ठक्’ करून ठिणगी मारतो, ते त्याला आवडलं नसणार. पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थोडासा झिरपतोच. नवा असताना दोन-तीन मिलिअँपिअर. फायरवॉलच्या उष्णतेत सात-आठ वर्षं भाजला की त्याचं काही सांगता येत नाही. कपॅसिटरचा लग सोडवला, १२.५ वरून थेट १.३ वर. उरलेला सव्वा रेग्युलेटरच्या सेन्स वायरचा, तीही थेट बॅटरीला जोडलेली होती.

आणि माझ्या त्या जुन्या मीटरचा फ्यूज याच कारणाने उडाला होता, फक्त त्या वेळी मला कळलं नाही. तिथेही कपॅसिटर बॅटरीच्या बाजूला होता. केबल सोडवून पुन्हा जोडेपर्यंत तो रिकामा झाला, आणि मीटर मध्ये येताच त्याने क्षणभर काही अँपिअर ओढले. ४०० मिलिअँपिअरचा फ्यूज, आवाजसुद्धा न करता गेला.

तुमच्याकडे आधी हेच बघा. रेग्युलेटर बदललात तेव्हा त्याच्या वायरी जिथे होत्या तिथेच परत लावल्या असणार, त्यामुळे चूक जशीच्या तशी राहिली. कपॅसिटर आणि रेग्युलेटरचं आउटपुट मास्टरच्या पलीकडे न्या, सेन्स वायर स्विचमागून द्या. कपॅसिटर फुगलेला किंवा तळाशी ओल दिसली तर नवा टाका, १०५ अंश सेल्सिअसवाला घ्या, किमतीत फार फरक नसतो. वायर हलवल्यावर चार्जिंगचं व्होल्टेज पुन्हा मोजायला विसरू नका.

ते नसेल तर मग बाकीचे. तासमीटर थेट बॅटरीवरून आणि ऑइल प्रेशरच्या स्विचमधून बॉडीला दिला असेल तर स्विच चिकटला की विमान उभं असताना तास मोजले जातात. तुमच्या लॉगबुकातले तास आणि मीटर जुळतात का बघा, पाना न उचलता उत्तर मिळेल. छताचा दिवा आणि पायलट चढताना लागणारा उजेड थेट बॅटरीवर देतात आणि त्याचा स्विच कोपराने लागतो. उंदीर! तुमच्याकडे मक्याची शेतं आहेत, हिवाळ्यात हँगरमध्ये उंदीर येणारच. पॅनलमागे घरटं करतात, इन्सुलेशन कुरतडतात, आणि त्यांच्या मुताने कॉन्टॅक्टरच्या बोल्टांमध्ये मिठाचा पांढरा थर धरतो. तो थर ओलसर दिवशी करंट नेतो आणि कोरड्या दिवशी नेत नाही, म्हणून तुम्ही मोजायला गेलात की सगळं ठीक. गळती कधी असते, कधी नसते अशी तक्रार असेल तर दमट दिवशीच मोजा.

सोलर पॅनल किंवा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून मोकळे व्हा, असा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. गळती कशाची ते कळल्यावर खुशाल लावा. न शोधता लावला तर माझा त्याला विरोध आहे. कारण मास्टरच्या अलीकडची वायर ही विमानातली एकमेव वायर आहे जी तुम्हाला उडताना बंद करता येत नाही. केबिनमध्ये धूर आला तर पहिलं काम मास्टर बंद करणं. ती वायर त्यानंतरही जिवंत असते, आणि तिच्यातून कुठे काय झिरपतंय हे तुम्हाला माहीत नाही. सर्टिफाइड (कारखान्यात बनलेल्या) लहान विमानांच्या, एफएए या अमेरिकी विमान खात्याच्या जुन्या भाग २३ च्या नियमांत म्हणूनच मास्टर बंद असताना जिवंत राहणाऱ्या वायरींना ५ अँपिअर किंवा त्याहून कमी संरक्षण आणि तेही बॅटरीच्या जवळ, अशी अट होती. होमबिल्टला तो नियम लागू नाही, तरी मी कुणाचंही विमान करताना तो पाळतो. कॉन्टॅक्टर बॅटरीशेजारी आहे की फायरवॉलवर, तेही बघून घ्या. बॅटरी सीटमागे आणि कॉन्टॅक्टर पुढे असेल तर एक जाड, फ्यूज नसलेली, कायम जिवंत केबल तुमच्या मांडीजवळून जाते. ती कुठे पत्र्याच्या कडेवर घासतेय का, हात फिरवून बघा. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर बॅटरीचं दुखणं मागे ठेवा आणि आधी ते करा.

निगेटिव्हवर हिरव्या मुठीचा कटऑफ स्विच लावणारेही आहेत. बोटीत ठीक. विमानात कंपनाने सैल होणारा आणखी एक सांधा मुख्य वाटेवर कशाला?

कागदपत्रांचं विचारलंत म्हणून: अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्टची, म्हणजे होमबिल्टची, दुरुस्ती कुणीही करू शकतो, दुसरा मालकसुद्धा. वर्षाची कंडिशन इन्स्पेक्शन (विमान उडायला सुरक्षित आहे का याची तपासणी) मात्र नुसता मालक म्हणून करता येत नाही, ती ए अँड पी मेकॅनिकसारख्या परवानाधारकाकडून करून घ्यावी लागते, कारण बांधणाऱ्याचा रिपेअरमनचा दाखला त्याच्याच नावावर असतो, विमानासोबत येत नाही. वायर हलवलीत तर लॉगबुकात लिहा आणि एका पानावर हाताने का होईना ड्रॉइंग काढून ठेवा. पुढचा मालक दुवा देईल.

सापडेपर्यंत विमान सोडताना निगेटिव्ह केबल काढून ठेवा, घरी नेऊन बॅटरी चार्ज करा. दुसऱ्या बॅटरीवरून जंप देऊन लगेच उडू नका. पूर्ण उतरलेली बॅटरी रेग्युलेटरकडून तो देईल तेवढा करंट ओढत राहते, आणि ९१२ च्या त्या छोट्या रेग्युलेटरला उष्णता सोसत नाही. तुमचा जुना रेग्युलेटर खरंच गेला होता की उगाच काढला गेला, ते आता कळणार नाही, पण टाकून दिला नसेल तर टाकू नका. बॅटरी एकदा १२ च्या खाली आठवडाभर राहिली असेल तर तिची क्षमता थोडी गेली असं धरा. आणि गळती सापडायच्या आधी लिथियमवर उडी मारू नका. लिथियम-आयर्न बॅटरीचं व्होल्टेज भरलेली असो की पाव उरलेली, १३.२ च्या आसपासच घुटमळतं, मग आपण वर केला तो हिशेब करता येत नाही. आणि अगदी तळाशी गेली की तिच्या आतलं सर्किट तिला एकदम बंद करून टाकतं.

या शनिवारी रेझिस्टर लावून वीस मिनिटांनंतरचा आकडा, सगळे फ्यूज काढल्यावरचा आकडा आणि कॉन्टॅक्टरच्या बॅटरीकडच्या बोल्टवर किती लग आहेत ते, एवढ्या तीन गोष्टी लिहून पाठवा. बोल्टचा फोटो असेल तर उत्तम, टॉर्च बाजूने धरून काढा.